गेलेल्या सूर्याचा उजेड

मराठीत संध्याकाळला नावे पुष्कळ. सांजवेळ, तिन्हीसांजा, दिवेलागण, गोरज आणि कातरवेळ. ह्यांपैकी शेवटच्या शब्दापाशी आम्ही नेहमी थबकतो. कातर म्हणजे भ्यालेले, व्याकूळ झालेले. वेळ काही व्याकूळ होत नाही, माणूस होतो. परंतु भाषेने ती व्याकुळता वेळेलाच बहाल करून टाकली आहे. तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, लेकराला रडू देऊ नये, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत आली. देवापाशी दिवा लावून 'शुभं करोति' म्हणण्याच्या रीतीमागे श्रद्धा आहेच. पण अंधार दाटून येताना घरातल्या सर्वांनी एका उजेडाभोवती जमावे, ही साधी मानवी गरजही आहे. आरती प्रभूंच्या 'दिवेलागण' (१९६२) आणि ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) ह्या संग्रहांची नावे मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. संध्याकाळ म्हणजे हुरहूर हे समीकरण त्याच्या भाषेतच मुरलेले आहे.

मग जी वेळ काळीज कातरते, तीच एखाद्याला दिलासा कशी देऊ शकेल? हा प्रश्न आमच्यापुढे एखाद्या ग्रंथातून आला नाही. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्यांच्या हाताखाली आम्ही नोकरीला आरंभ केला त्या आमच्या निवृत्त विभागप्रमुखांना काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाणीही अडखळली. तीस वर्षे भाषा शिकवलेल्या माणसाला साधे शब्द सापडेनासे झाले. सूर्यास्तावरची कविता शिकवताना "ही सगळी पोस्टकार्डे," असे म्हणून वर्गाला हसवणारे हे सर आता रोज संध्याकाळी पश्चिमेकडच्या गॅलरीत बसतात. वहिनी त्यांची खुर्ची तेथे नेतात, आणि पूर्ण काळोख होईपर्यंत ते उठायला तयार नसतात.

एका शनिवारी आम्ही त्यांच्यासाठी चित्रांचे एक पुस्तक घेऊन गेलो. त्यात कास्पार डाव्हीड फ्रीड्रिश ह्या जर्मन चित्रकाराचे १८३२ च्या सुमाराचे एक निसर्गचित्र होते: ड्रेस्डेन शहराबाहेरचे पाणथळ कुरण आणि वर संध्याकाळचे आकाश. सरांनी ते पान बराच वेळ उलटू दिले नाही. मग डाव्या हाताचे बोट आकाशावर ठेवून विचारले, "सूर्य... कुठं?"

"मावळला, सर."

त्यांचे बोट पिवळ्या उजेडावरून हळूहळू सरकत गेले. "मग... हा?"

आम्हांला तेव्हा उत्तर देता आले नाही. प्रकाशाच्या विखुरण्याविषयी काही सांगणे त्या क्षणी हास्यास्पद झाले असते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोन तुटक शब्दांना उत्तर देण्याचा आमचा उशिराचा प्रयत्न आहे.

आरंभीच आमची भूमिका स्पष्ट करावयास हवी. संध्याकाळच्या आकाशात दिलासा शोधणाऱ्या कलावंताकडे आपल्याकडे दोन तऱ्हांनी पाहिले जाते, आणि त्या दोन्ही आम्हांला अपुऱ्या वाटतात. पहिली तऱ्हा संशयाची आहे. कलावाद आणि जीवनवाद ह्यांच्या वादात वाढलेल्या मराठी समीक्षेला निसर्गसौंदर्यात रमणारा कलावंत जीवनापासून पळ काढतो आहे असे चटकन वाटते. दुसरी तऱ्हा अगदी उलट, म्हणजे फाजील विश्वासाची आहे. मावळत्या सूर्याच्या छायाचित्रावर चार सुविचार छापावेत, ते सकाळ-संध्याकाळ एकमेकांना मोबाइलवर धाडावेत, आणि निसर्ग हे सर्व दुःखांवरचे औषध आहे असे मानून मोकळे व्हावे. पहिल्या पक्षाला हा दिलासा खोटा वाटतो, दुसऱ्याला तो स्वस्त वाटतो. फ्रीड्रिशचे आयुष्य आणि चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे हा दिलासा खराही होता आणि महागही होता, असे आमचे मत झाले आहे.

फ्रीड्रिशचा जन्म ५ सप्टेंबर १७७४ रोजी बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्ड ह्या गावी झाला. हा प्रदेश त्या काळी स्वीडनच्या अमलाखाली होता. वडील मेणबत्त्या आणि साबण तयार करीत. ज्या चित्रकाराने आयुष्यभर उजेड आणि अंधार ह्यांच्या सीमेवर काम केले त्याचे बालपण मेणबत्त्यांच्या कारखान्यात जावे, ही गोष्ट कादंबरीत आली असती तर आपण लेखकाला बोल लावला असता. दहा भावंडांतले हे सहावे अपत्य. तो सात वर्षांचाही नव्हता तेव्हा, १७८१ मध्ये, आई गेली. पुढच्याच वर्षी एक बहीण गेली. १७८७ च्या हिवाळ्यात त्याचा भाऊ योहान क्रिस्टोफर बर्फ फुटून पाण्यात बुडाला; बर्फाखाली जाणाऱ्या कास्पारला वाचवताना त्याचा जीव गेला, असे परंपरेने सांगितले जाते. १७९१ मध्ये आणखी एक बहीण तापाने दगावली. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत ह्या मुलाने घरातून चार तिरड्या जाताना पाहिल्या होत्या.

कोपनहेगनच्या अकादमीत शिकून १७९८ मध्ये तो ड्रेस्डेनला आला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. त्याचा डॉक्टर आणि चित्रकार मित्र कार्ल गुस्टाव्ह कारुस याने आठवणींत नोंदवले आहे की संधिप्रकाश हाच फ्रीड्रिशचा खरा प्रांत होता. पहाटे उजाडण्याच्या आधी आणि सूर्य बुडाल्यानंतर तो एकटाच भटकायला निघे. केर्स्टिंग ह्या दुसऱ्या मित्राने १८११ मध्ये त्याच्या कामाच्या खोलीचे चित्र काढले. खोली जवळजवळ रिकामी आहे. खिडकीचा खालचा भाग झाकून टाकलेला असल्यामुळे रस्ता, नदी, माणसे काहीच दिसत नाही. वरच्या भागातून येते ते केवळ आकाश. तो ज्या दिवशी आकाश रंगवीत असे त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलावयाचे नाही, असा त्याच्या पत्नीचा दंडक होता, अशीही आठवण सांगितली जाते. आपल्याकडे पूजेला बसलेल्या माणसाशी घरातील मंडळी जशी वागतात, तसाच हा प्रकार.

पण पूजा म्हणताच पळवाटेचा आक्षेप पुन्हा पुढे येतो. खिडकी झाकून आकाशाकडे पाहणे म्हणजे जगाकडे पाठ फिरवणेच नव्हे काय? ह्याचे उत्तर १८२४ ह्या एका वर्षात सापडते असे आम्हांला वाटते.

त्या वर्षी ड्रेस्डेनच्या अकादमीने फ्रीड्रिशला प्राध्यापकपद दिले, परंतु ते दुय्यम दर्जाचे होते. निसर्गचित्रणाचा वर्ग योहान क्रिस्टियान क्लेंगेल हे चालवीत. वर्षाअखेरीस ते वारले तेव्हा ती जागा फ्रीड्रिशला मिळेल अशी अपेक्षा होती. ती मिळाली नाही. पद आहे, पण वर्ग नाही, ही अवस्था आजच्या महाविद्यालयांत काम करणाऱ्यांना वेगळी उलगडून सांगावयास नको. त्याची चित्रे लोकांच्या आवडीतून उतरू लागली होती. प्रकृती ढासळत होती. नेमक्या ह्याच सुमारास त्याने दोन अगदी निराळ्या गोष्टी केल्या. एक म्हणजे 'हिमसागर' हे चित्र त्याने पूर्ण केले: फुटलेल्या बर्फाच्या शिळांचा प्रचंड ढीग आणि त्याखाली चिरडलेले जहाज, ज्याचा थोडासाच भाग दिसतो. भाऊ बर्फाखाली गेला त्याला तेव्हा सदतीस वर्षे होत आली होती. हे चित्र तो जिवंत असेपर्यंत कोणी विकत घेतले नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याच वर्षीच्या शरदात त्याने संध्याकाळच्या ढगांची वीतभर आकाराची तैलचित्रे रंगवली. त्यांत जमीन जवळजवळ नाहीच. जांभळट ढगांचे पट्टे, त्यांच्या फटींतून निसटणारा केशरी उजेड, एवढेच.

बर्फाचे थडगे आणि संध्याकाळचे ढग एकाच हाताने, एकाच वर्षी रंगवलेले आहेत. ज्याला पळ काढावयाचा असतो तो पहिले चित्र काढीतच नाही. आणि ज्याला दुःखाचे केवळ प्रदर्शन मांडावयाचे असते तो दुसरे काढीत नाही. आमच्या मते ही दोन्ही चित्रे एकमेकांना आधार देतात. ढगांकडे पाहू शकणारा माणूसच बर्फाकडे पुन्हा एकदा पाहण्याचे धैर्य करू शकला असावा.

ह्या ढगांच्या संदर्भात एक जुना प्रसंग ध्यानात घेण्याजोगा आहे. ल्यूक हॉवर्ड ह्या इंग्रज गृहस्थाने ढगांचे जे वर्गीकरण केले होते त्याने गटे फार प्रभावित झाला होता. त्या वर्गीकरणाला अनुसरून ढगांची चित्रे काढून द्यावीत, अशी विचारणा १८१६ मध्ये त्याने फ्रीड्रिशकडे करवली. गटेचा शब्द म्हणजे त्या काळी सनदच. तरीही फ्रीड्रिशने नकार दिला. ढगांना कप्प्यांत कोंबले तर निसर्गचित्रणाचा पायाच उखडला जाईल असे त्याला वाटत होते. ह्यात विज्ञानाचा द्वेष होता असे आम्ही मानत नाही. पुढे १८२४ मध्ये त्याने ढग रंगवले ते निरीक्षणात काडीचीही कसूर न करता. त्याचा विरोध होता तो आकाशाला आधीच नाव देऊन मग पाहण्याला. दुःखाच्या बाबतीतही आपण हेच करतो. शोकाच्या अमुक पायऱ्या, त्यांतली ही तिसरी, असे सांगणाऱ्या माणसापुढे शोकाकुल मनुष्य गप्प बसतो, आणि आपल्याला वाटते की त्याचे समाधान झाले.

आता सरांनी बोट ठेवले त्या चित्राकडे वळू. त्याचे नाव 'मोठे कुरण' असे करता येईल. ड्रेस्डेनच्या पश्चिमेला एल्ब नदीकाठी असलेल्या सपाट, पाणथळ भूभागाचे ते चित्र आहे आणि आज ते त्याच शहरातील संग्रहालयात आहे. समोर करड्या-निळ्या रंगाची डबकी आणि चिखलाचे उंचवटे आहेत. त्यांच्या रेषा अशा वळलेल्या आहेत की पृथ्वीची गोलाई पायाखाली जाणवावी. पाहणारा नेमका कोठे उभा आहे ते कळत नाही; जमिनीपासून किंचित वर तरंगत असल्याचा भास होतो. मधल्या पट्ट्यात झाडांच्या रांगा, आणि उथळ पाण्यातून वाट काढणारी एक शिडाची होडी. वर आकाश. क्षितिजाजवळ तापलेला पिवळा, त्यावर फिकट होत जाणारा उजेड, आणि निळ्या-जांभळ्या ढगांचे पट्टे. जमिनीच्या रेषा खाली वळतात, आकाशाच्या वर वळतात, आणि दोन्ही क्षितिजापाशी एकमेकींच्या अगदी जवळ येऊन पुन्हा दूर होतात.

मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. विद्यार्थ्यांना ती शिकवताना आम्हांला उदाहरणांसाठी नेहमी ओढाताण करावी लागते. येथे ती तिन्ही एका नजरेत दिसतात. पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब आहे, तो संवाद. थंड करडी माती आणि तप्त पिवळे आकाश, हा विरोध. आणि दोन्ही वक्ररेषा एकमेकींना तोलून धरतात, तो समतोल. पण ह्या चित्राची खरी गोम मर्ढेकरांच्या तत्त्वांत मावत नाही. ती सरांच्या प्रश्नात आहे. चित्रात सूर्य नाही. जो काही उजेड आहे तो सूर्य गेल्यानंतरचा आहे.

फ्रीड्रिशच्या मनात ही कल्पना फार आधीपासून घोळत होती. १८०८ मध्ये त्याने डोंगरमाथ्यावरील क्रूसाचे एक चित्र वेदीवर मांडण्यासाठी म्हणून रंगवले. धर्मस्थानात निसर्गचित्राला काय काम, असा आक्षेप घेऊन रामडोर ह्या समीक्षकाने मोठा गदारोळ उठवला. तेव्हा फ्रीड्रिशने जो खुलासा केला त्याचा आशय असा: जुने जग संपले, सूर्य बुडाला, जाणाऱ्या प्रकाशाला धरून ठेवणे पृथ्वीला शक्य नव्हते, परंतु उंचावरील धातूच्या मूर्तीवर संध्याकाळचे सोने चमकते आणि सौम्य होऊन खाली पृथ्वीवर उतरते. त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेचा भाग आपण बाजूला ठेवला तरी ह्या खुलाशातील मनोव्यापार कोणालाही ओळखता येईल. सूर्य परत येईल, असे तो म्हणत नाही. गेलेल्याचा उजेड अजून कोठेतरी उंचावर पडलेला आहे आणि तो आपल्यापर्यंत पोहोचतो आहे, एवढेच म्हणतो.

१८३२ च्या चित्रात क्रूसही उरलेला नाही. आकाशच तेवढे आहे. आमच्या मते दिलासा ह्या शब्दाचा अर्थ येथे पुरता उघड होतो. ज्याचे माणूस गेले आहे त्याला "ते परत येईल" असे सांगणे म्हणजे थट्टा, आणि "ते गेलेच नाही" असे सांगणे म्हणजे भ्रम. पण गेलेल्या माणसाचा उजेड काही काळ टिकतो. त्याच्या सवयी, त्याचे शब्द, त्याने लावलेले वळण आपल्या घरातून वावरत राहते, हे मात्र खरे आहे. तो उजेड ओसरत जाणार, हेही तितकेच खरे आहे. संध्याकाळचे आकाश ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवते आणि त्यांतली एकही लपवत नाही. रसव्यवस्थेच्या भाषेत बोलावयाचे तर हे चित्र करुण आणि शांत ह्यांच्या सीमेवर उभे आहे. शोक आहे, पण तो विव्हळत नाही; शम आहे, पण त्याने शोकाला हाकलून दिलेले नाही.

त्याच काळातील 'सांजतारा' ह्या चित्राचाही येथे उल्लेख करावयास हवा. दिवस मावळल्यावर एक बाई आणि दोन मुले टेकाडावरून घराकडे निघाली आहेत. पलीकडे ड्रेस्डेनचे मनोरे काळसर झाले आहेत. तिघेही आपल्याला पाठमोरीच दिसतात. त्यांतल्या मुलाने अचानक दोन्ही हात वर उंचावले आहेत. फ्रीड्रिशच्या चित्रांतील माणसे बहुधा अशी पाठमोरी असतात आणि त्यावरून पुष्कळ चर्चा झाली आहे. आम्हांला त्यात एक शिष्टाचार दिसतो. आपण कोणाच्या दुःखाच्या समोर उभे राहिलो की त्याला चेहरा सावरावा लागतो. त्याच्या मागे किंवा शेजारी उभे राहून तो पाहतो तिकडे पाहू लागलो, तर त्याला काहीच सावरावे लागत नाही. फ्रीड्रिश आपल्याला नेमक्या त्या जागी उभे करतो.

अर्थात संध्याकाळचे आकाश आपल्या गुणाने सर्वांनाच शांत करते असे मानणे भाबडेपणाचे होईल. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने दोन मित्रांबरोबर फिरत असताना असेच एक आकाश पाहिले. ते त्याला रक्तासारखे लाल दिसले, मित्र पुढे निघून गेले, आणि सृष्टीतून एक किंकाळी जात असल्याचे त्याला जाणवले. त्या अनुभवातून १८९३ मध्ये 'किंकाळी' हे जगप्रसिद्ध चित्र जन्मले. आकाश तेच, रंगही फारसे निराळे नाहीत. फरक मुंकच्या एकटेपणात होता, असे म्हणता येईल. पण एकटा तर फ्रीड्रिशही होता. आमचा तर्क असा की मुंकवर ते आकाश अवचित कोसळले, आणि फ्रीड्रिशने त्याच्याकडे रोज जाण्याचा परिपाठ ठेवला होता. दिलासा हा एका संध्याकाळचा साक्षात्कार नसतो, तो वहिवाटीचा विषय असतो. आपल्याकडच्या दिवेलागणीचे मर्मही हेच नव्हे काय? ज्या वेळेची भीती वाटते त्याच वेळी रोज उठून दिवा लावावयाचा.

आणखी एक गोष्ट. हे रंग येतात कोठून, हेही जाणून घ्यावयास हवे; त्याने सौंदर्य उणावत नाही. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याच्या किरणांना वातावरणातून फार लांबचा पल्ला गाठावा लागतो. त्या वाटेत निळा प्रकाश विखरून जातो, तांबडा-पिवळा उरतो. हवेत सूक्ष्म कण अधिक असले तर हे रंग अधिक गडद होतात. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यात हजारो माणसे मेली, आणि वातावरणात पसरलेल्या कणांमुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, उपासमार झाली. त्याच काळात युरोपच्या आकाशात विलक्षण रंगांच्या संध्याकाळी दिसत होत्या. ग्रीसमधील झेरेफोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शेकडो जुन्या सूर्यास्तचित्रांतील तांबड्या आणि हिरव्या रंगांचे प्रमाण मोजून मोठ्या उद्रेकांनंतरच्या वर्षांत तांबडेपणा वाढलेला दिसतो, असा निष्कर्ष काढला.

फ्रीड्रिशने १८१८ च्या सुमारास मावळत्या सूर्यासमोर हात पसरून उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र काढले. तो सूर्य उगवता की मावळता, ह्यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. त्या सोनेरी आकाशात तांबोराची राख होती की नाही हे एका चित्रावरून ठरवता येणार नाही. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. एका बेटावरचा प्रलय हजारो कोसांवर सौंदर्य होऊन उतरू शकतो. सुंदर आकाश निरागस असतेच असे नाही. आपल्या महानगरांतील धुरकट संध्याकाळीही कधीकधी डोळे दिपवतात, आणि आपण छायाचित्र काढताना कोणत्या हवेत श्वास घेतो आहोत हे विसरतो. ज्याला सौंदर्याकडून दिलासा हवा आहे त्याने त्यातली राखही मान्य करावयास हवी. फ्रीड्रिशने ती मान्य केली होती असे आम्हांला वाटते, कारण त्याच्या आकाशाखालची जमीन नेहमी करडी, ओली आणि थंड असते.

आता सर्वांत अवघड मुद्दा. जून १८३५ मध्ये फ्रीड्रिशला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर मोठी तैलचित्रे जवळजवळ थांबली. तो जलरंगांत आणि सेपियात छोटी कामे करीत राहिला. वासिली झुकोव्स्की हा रशियन कवी त्याचा जुना चाहता होता आणि रशियन राजघराण्याला फ्रीड्रिशची चित्रे घ्यावयास लावून त्याने अडचणीच्या काळात मोठी मदत केली होती. हाच झुकोव्स्की त्या वर्षांत आपल्या महाभारतातील नलदमयंतीची कथा जर्मन रूपांतराच्या आधाराने रशियनमध्ये आणीत होता, हे मराठी वाचकाला सुखावणारे आहे. १८४० च्या मार्चमध्ये तो फ्रीड्रिशला भेटला. त्याला आढळला तो एक भग्न मनुष्य; मुलासारखा रडणारा. ७ मे १८४० रोजी फ्रीड्रिश गेला.

तेव्हा संशयी वाचक विचारील: कोठे गेला तो दिलासा? आयुष्यभर संध्याकाळच्या आकाशापाशी बसलेला माणूस शेवटी लहान मुलासारखा रडत असेल, तर ह्या साऱ्या चित्रांचा उपयोग काय? आमच्यापैकी एकाला हा आक्षेप बरेच दिवस बिनतोड वाटत होता, आणि ह्या लेखाची सिद्धता करताना आमचे सर्वांत अधिक मतभेद झाले ते ह्याच मुद्द्यावर. अखेर आम्ही येथवर आलो: दिलासा म्हणजे निरोगीपणा नव्हे. तो साठवून ठेवता येत नाही, पुढच्या संकटासाठी गाठीला बांधता येत नाही. ज्या संध्याकाळी तो मिळाला त्या संध्याकाळपुरता तो खरा असतो. ज्या माणसाचा हात आणि नजर ही दोनच साधने होती, त्यांतला हात गेल्यावर तो रडला, ह्यात त्याच्या आधीच्या संध्याकाळी खोट्या ठरत नाहीत. उलट, हे अश्रू आपल्याला ठाऊक असल्यामुळेच त्याच्या चित्रांचा सुविचाराचा फलक करण्याचा मोह टळतो.

तो मोह अनेकांना झाला. मृत्यूनंतर फ्रीड्रिश जवळजवळ विस्मरणात गेला होता. १९०६ मध्ये बर्लिनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाने त्याला पुन्हा उजेडात आणले. पुढे नाझी राजवटीने त्याला जर्मन भूमीचा गायक म्हणून आपल्या पंक्तीला बसवले, आणि त्याचे किटाळ फिटायला महायुद्धानंतर बराच काळ जावा लागला. २०२४ मध्ये त्याच्या जन्माला २५० वर्षे झाली तेव्हा हाम्बुर्ग, बर्लिन आणि ड्रेस्डेन येथे प्रदर्शने भरली आणि लोकांनी तुफान गर्दी केली. त्या गर्दीला काय हवे होते हे आम्ही येथे बसून सांगू शकत नाही. परंतु अलीकडच्या वर्षांत, विशेषतः २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत, घराघरांतून माणसे गेली. कित्येकांना शेवटचे दर्शनही घडले नाही. आमच्या वर्गांतही अशी मुले होती आणि आहेत. त्यांना शिकवताना शोकगीताचे घटक सांगून आम्ही फळ्याकडे वळत असू, हे आता कबूल करावयास हवे. त्याऐवजी एखाद्या दिवशी वर्ग लवकर सोडून मुलांसह गच्चीवर गेलो असतो आणि काही न बोलता पश्चिमेकडे पाहत उभे राहिलो असतो, तर अभ्यासक्रम थोडा मागे राहिला असता एवढेच.

असो. सरांच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. "सर, तो गेलेल्या सूर्याचाच उजेड," असे आमच्यापैकी एकाने सांगितले. सर किंचित हसले. विद्यार्थ्याने उत्तर बरोबर दिले, पण फार उशिरा दिले, की ते पूर्वी असेच हसत. मग त्यांनी डाव्या हाताने शेजारच्या खुर्च्या दाखवल्या. आम्ही बसलो. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांमागे आकाश पिवळे होते, मग तांबूस, मग राखी झाले. आत वहिनींनी देवापाशी दिवा लावला. सर म्हणाले, "बसा... अजून आहे." आम्ही काळोख होईपर्यंत बसून राहिलो.